कानबाई आणि विमलताईंचे तळे

विमलताईंची आणि माझी ओळख एका बाटलीमुळे झाली. मी पलसाण्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात पाणी तपासते. उधन्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या ताई रिक्षाने तिथे आल्या आणि नळाच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "बेटा, हे पाणी माणसांना चालतं. बेडकांना चालेल का?"

प्रश्न नेमका होता. पाण्यात क्लोरीन होते. उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवून मग वापरा, असे मी सांगितले. पुढच्या रविवारी ताईंनी मला ते पिंप पाहायलाच बोलावले.

गल्लीत सगळे परसात फरशी बसवत असताना ताईंनी आपली उखडून तिथे बेडकांसाठी लहानसे तळे केले होते. पिल्लांना बाहेर चढता यावे म्हणून त्याचा एक काठ उतरता होता. अंडी खातात म्हणून मासे सोडले नव्हते. पालापाचोळा झाडायचा नाही, औषध फवारायचे नाही. डासांच्या अळ्या त्या रोज चहाच्या गाळणीने काढत. ती गाळणी अर्थात वेगळी.

मी उधन्यात खोली घेऊन एकटी राहते. मला टायफॉइड झाला तेव्हा ताईंकडून रोज मुगाची खिचडी येई. एकदा डबा धुऊन दिला, तर रागावल्या. "झोपायचं सोडून भांडी घासतेस?" माझ्याशी असे सहसा कोणी बोलत नाही.

पण ताई मला खऱ्या कळल्या त्या श्रावणात, कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी. खानदेशातून इथे येऊन राहिलेल्या घरांचा हा मोठा सण. तळे बेडूकमाशांनी भरले होते, आणि शेजारच्या सुनंदाबाई देवीचा पाट डोक्यावर घेऊन, चार बायकांसह परसाच्या दारात उभ्या राहिल्या.

"ताई, तापीवर कोन जाई? आमनी कानबाई आठेच बोळाऊत." म्हणजे देवीचे विसर्जन ताईंच्या तळ्यातच करायचे.

हळदकुंकू, फुले, तेल पाण्यात गेले असते, तर बेडूकमासे वाचणे कठीण होते. आणि नाही म्हटले असते, तर एकट्या राहणाऱ्या ताई गल्लीपासून तुटल्या असत्या. दाराला कुलूप लावा, असे मी त्यांच्या कानात सांगितले. त्यांनी ऐकले नाही.

सुनंदाबाईंनी टोमणा मारलाच, "बेडूक मोठा का कानबाई मोठी?"

"कानबाईच मोठी," ताई म्हणाल्या. "म्हणून तर सांगते. बेडकं मुततात गं त्यात. तिथे उतरवशील देवीला?"

मग सुनंदाबाईच आधी हसल्या. ताईंनी घरातले तांब्याचे मोठे घंगाळ अंगणात आणवले, स्वतः घासले, भरले, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी देवीचा पाट डोक्यावर घेऊन गल्लीतून एक फेरी मारली. विसर्जन घंगाळात झाले. ते पाणी तळ्यापासून दूर, जास्वंदीच्या मुळाशी गेले. पाटावर डोके टेकताना ताईंचे डोळे भरले होते. ती युक्ती नव्हती, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

आता त्या गल्लीतल्या कानबाया ताईंच्या घंगाळातच उतरतात, आणि सुनंदाबाईंनीही परसातली फरशी काढायला घेतली आहे.

ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना भरपूर आयुष्य लाभो, आणि गुडघ्यांना इतके बळ राहो की दर श्रावणात पाट त्यांच्याच डोक्यावर यावा. कधी जड झालाच, तर घ्यायला मी शेजारी उभी असेन.