दगड सोड

“दगड सोड! अबे, दगड सोड! मधी जा, मधी!”

हे मी ओरडत होतो, आणि तेही मराठीत. त्या अख्ख्या बेटावर माझ्याशिवाय मराठी कळणारा एकच माणूस होता आणि तोच पाण्यात होता. माझा आवाज तसा मोठा. वाळूजच्या कारखान्यात सगळे प्रेस धडधडत असताना मी चहा मागितला तर पलीकडच्या शेडमधला कॅन्टीनवाला “आलो, आलो” म्हणायचा, असं मी सांगत असतो आणि त्यात थोडंफार खरंही आहे. पण त्या दिवशी समुद्रापुढं माझा आवाज डासाएवढा झाला होता. शेजारी आमचा तिथला सोबती उभा होता, त्याच बेटावर जन्मलेला वेल्डर. तोही त्याच्या भाषेत तेच ओरडत होता आणि दोन्ही हातांनी खोल पाण्याकडं खुणा करत होता.

पाण्यातल्याला ऐकू गेलं होतं. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्यानं एकदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. बघितलं, आणि पुन्हा दगडाला हात घातला.

आता हा कोण आणि आम्ही तिथं कशाला मरायला गेलो होतो, ते सांगतो.

तो माझा दोस्त. औरंगाबादहून जाताना कन्नडच्या अलीकडं आमचं गाव. त्याचे वडील गावातले टेलर, गावाचे चाचा. पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी कधीतरी जन्मलेले, नेमकी तारीख त्यांनाही ठाऊक नव्हती. गावातल्या नवरदेवांचे सगळे सफारी त्यांनी शिवलेले. माप घ्यायला टेप लागायची नाही, माणूस पारावरून चालत आला की कंबर सांगायचे. (टेप लागायची. पण गळ्यात असायची, म्हणून दिसायची नाही.) या चाचांनी गावातल्या दोन पिढ्यांना पोहायला शिकवलं. विहीर आमची, पण उन्हाळ्यात तिचा मालक चाचा. दुपारी मशीन थांबवून ते खांद्यावर सोल, म्हणजे विहिरीचा जाड दोर, टाकून निघायचे आणि मागं आमची वरात. पाठीला तेलाचा रिकामा डबा, कमरेला सोल, आणि ढुंगणावर चाचांची लाथ. झालं शिक्षण सुरू.

चाचांचा नियम एकच होता. दम लागला की दगड धर. मधी थांबायचं नाही, हातपाय झाडायचे नाहीत, सरळ काठाला यायचं आणि दगड धरायचा. विहिरीत उतरण्याआधी प्रत्येकाला हे तीनदा म्हणावं लागायचं. आणि आम्ही रंगात आलो, पाणी उडवायला लागलो की वरून चाचा अचानक ओरडायचे, “पत्थर!” की सगळ्यांनी असेल तिथून काठ गाठायचा. जो शेवटी पोचेल त्यानं संध्याकाळी दुकानात बसून काजं-बटणं करायची. मी इतकी काजं केली की आजही माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर बायकोकडं बघत नाही. माझा दोस्त एकदाही शेवटी आला नाही. टेलरचा पोरगा, त्याला सुईचा भयंकर राग. “पत्थर” मधलं “प” ऐकलं की त्याचा हात कपारीत असायचा. चाचा वरून बघायचे आणि मिशीत हसायचे. आपल्या पोराला जीव कसा वाचवायचा ते शिकवलं, अशा खात्रीचं हसू.

पुढं दोघं आयटीआय झालो, मुकुंदवाडीत एक खोली घेतली आणि शिफ्टच्या बसनं वाळूजला जाऊ लागलो. एक डबा, एक आरसा, एक बरा शर्ट. ज्याला मुलगी बघायला जायचं असेल त्याचा. मग कंपनीनं इंडोनेशियातल्या नव्या प्लँटमध्ये प्रेस बसवायला माणसं पाठवली, त्यात आम्ही दोघं. तेव्हाच्या औरंगाबादेत माझ्या पासपोर्टची बातमी अशी पसरली की शहागंजातल्या न्हाव्यानंही मला “साहेब” म्हटलं. बरं, नाही म्हटलं. पण दाढी जरा जपून केली.

तिथं रविवारी करणार काय? प्लँटपासून तीन तासांवर वाळूचा समुद्रकिनारा होता. पोरं फळ्या घेऊन लाटांवर उभी राहायची. सर्फिंग. आम्ही ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. दोस्त म्हणाला, “अबे, हे तर बैलगाडीच्या धुऱ्यावर उभं राहण्यासारखं आहे.” भाड्यानं फळ्या घेतल्या. पहिले चार रविवार मी एवढं खारं पाणी प्यायलो की समुद्र वीतभर खाली गेला होता. पाचव्या रविवारी तो उभा राहिला. दहाव्याला मी. फळीला एक दोरी असते, ती घोट्याला बांधायची, म्हणजे पडल्यावर फळी पळून जात नाही. पहिल्यांदा बांधताना तो हसत सुटला. “अब्बांचा सोल बघ, इथंपर्यंत आला.”

प्लँटमधल्या त्या वेल्डरनं मग त्याच्या बेटाचं सांगितलं. नकाशावर माशी बसल्याएवढं बेट, मधोमध ज्वालामुखी, आणि एका अंगाला समुद्रात घुसलेलं काळ्या दगडाचं नाक. त्या नाकाच्या शेंड्यावर लाट फुटते आणि दगडाच्या कडेकडेनं सरकत आत येते. वाळूवर लाट दहा हात चालते, तिथं दोन-तीनशे. एकदा उभं राहिलं की विडी ओढून होईल. पण ते शिकणाऱ्याचं काम नाही, असंही तोच म्हणाला. ते मात्र मी मनावर घेतलं नाही. उलट त्याला समोर बसवून तासभर आमच्या विहिरीचं सांगितलं. आमच्याकडं साठ फुटांवरून उड्या मारतात. आम्ही चालायच्या आधी पोहलो. माझ्या दोस्तानं एकदा तळाशी बसून कलिंगड खाल्लं. वेल्डर बिचारा भला माणूस, डोळे मोठे करून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, ईदला प्लँट बंद असतो, चला.

विहीर तीस फूट होती. साठ मी सांगितले. हे मी कुणाकडंही कबूल केलेलं नाही, आज लिहितोय.

ईदची नमाज दोस्तानं बेटावरच्या पत्र्याच्या मशिदीत पढली. गावातल्यांनी याच्या हातात एवढी ताटं दिली की त्यातलं निम्मं मी खाल्लं. मग टोकाकडं गेलो. काळा कातळ, जागोजागी भोकं पडलेला, धारदार. शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं, आपल्याकडचा सगळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तेव्हा ते परीक्षेपुरतं वाटलं होतं. दोस्तानं दगडावर हात फिरवला आणि चारी बाजूचं पाणी बघून म्हणाला, “अबे, ही आपली विहीरच आहे. कुणी तरी उसवून उलट्या बाजूनं शिवलीय.”

वेल्डरनं आम्हाला वाळूवर बसवून काडीनं नकाशा काढला. इथून पाण्यात जायचं. इथं लाट फुटते. पडलात तर दगडाकडं यायचं नाही, काही झालं तरी नाही. उलट आत, खोल पाण्याकडं जायचं. तिथं लाट फुटत नाही, निवांत तरंगत बसा, मी होडी घेऊन येतो. हे त्यानं तीनदा म्हणायला लावलं. आम्ही म्हटलं. दोस्तानं डोळा मारला, “अब्बांच्या बरोबर उलटा मास्तर भेटला.”

दोन दिवस सोन्यासारखे गेले. दुसऱ्या संध्याकाळी त्याला एक लाट मिळाली, शेंड्यापासून पार आतपर्यंत. तो उभा, हात पसरलेले, तोंड एवढं उघडं की लाटच गिळतो की काय. पाण्याबाहेर आला तेव्हा रडत होता. म्हणाला, “अब्बाला दाखवायला पाहिजे होतं यार. त्यांना वाटतं, पाणी म्हणजे फक्त बुडायचं असतं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दमलो होतो म्हणून वेल्डरसोबत दगडावर बसून राहिलो. तो गेला. त्या लाटेबद्दल मी पुढं कितीजणांना काय काय सांगितलंय. दौलताबादच्या किल्ल्याएवढी होती, असं सांगितलंय. बीबीच्या मकबऱ्याचा घुमट उचलून आणला असता तर बुडाला असता, असंही सांगितलंय. इथं खरं लिहितो. ती लाट माझ्या छातीएवढी होती. तो पडला, वर आला, खोकला. मागून दुसरी आली, तिनं त्याला खाली दाबला. वर आला तेव्हा त्याला दम लागला होता. डाव्या हाताला खोल पाणी होतं, हिरवं, शांत, पंधरा-वीस हातांवर. उजव्या हाताला काळा दगड, सात-आठ हातांवर.

तो उजवीकडं वळला. मी उठून ओरडायला लागलो ते तेव्हा.

विहिरीतलं पाणी माणसाला दगडावर आपटत नाही. विहिरीत दगड धरला की संपलं, दम खायचा, वर बघायचं, वर चाचा असतात. इथं त्यानं कपारीत बोटं घातली आणि लाटेनं त्याला उचलून त्याच दगडावर आणलं. हात सुटला. पाणी मागं हटलं तेव्हा तो पुन्हा मधे ओढला गेला. तेव्हाही सुटता आलं असतं. माझ्याकडं बघितलं ते तेव्हाच. मला वाटतं, त्याला कळलंही असेल. पण हात त्याचं ऐकेनात. सात वर्षांचा असल्यापासून शिकलेले हात ते. चार वेळा त्यानं तो दगड धरला. पाचव्यांदा लाटेनं डोकंच आधी दगडावर नेलं.

आम्ही दोघांनी त्याला बाहेर काढला. होडीनं मोठ्या बेटावर, तिथून दवाखान्यात. तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याच्या हातांकडं मला बघवेना. नखं निघालेली, तळवे फाटलेले. आणि तिथं, त्या बाकड्यावर बसल्या बसल्या, माझ्यातला थापाड्या जागा झाला. मी नर्सला खुणांनी सांगितलं, हातांना पट्टी बांधा. जाड बांधा. मेलेल्या माणसाच्या जखमा कोण बांधतं? तिनं माझ्याकडं बघितलं आणि बांधल्या. मनगटापर्यंत, पांढऱ्याशुभ्र.

मी तेवढंच ठरवलं होतं. मला काय म्हणायचं ते म्हणा. साठ फूट मी सांगितले, टोकावर मी नेलं, गावानं मला पारावर बांधून मारलं असतं तरी मी उभा राहिलो असतो. पण चाचांना हे कळता कामा नये की पोरानं त्यांचं ऐकलं. चाचांसाठी तो लाटेनं मेला पाहिजे, दगडानं नाही.

आठव्या दिवशी पेटी गावात आली. माझी आई चाचींना धरून बसली होती. आत चाचा आणि मशिदीतले दोघं मय्यतीला आंघोळ घालत होते. मी बाहेरून बादल्या भरून देत होतो. पाणी आमच्याच विहिरीचं. दाराच्या पडद्याखालून बादली सरकवायची, रिकामी घ्यायची, पुन्हा भरायची.

पंधरा दिवसांनी चाचांनी दुकान उघडलं. मी पायरीवर जाऊन बसलो. ते कुणाची तरी पँट उसवत होते. मग डोळे वर न करता म्हणाले, “सांग.”

आणि मी सांगितलं. आयुष्यात एवढं चांगलं कधी सांगितलं नव्हतं. लाट किल्ल्याएवढी. तुमचा पोरगा तिच्यावर ताठ उभा, चाचा, हात पसरून, बेटावरची सगळी माणसं काठावर उभी राहून टाळ्या वाजवतायत. आणि मग फळीच उलटून डोक्यावर आली. एका क्षणात. त्याला कळलंसुद्धा नाही. काही दुखलं नाही. भर समुद्रात, मैलभर आत.

चाचांनी दोरा दातानं तोडला. “आणि दगड?”

“दगड कुठला तिथं, चाचा? दगड लई लांब राहिला. जवळ असता तर धरला नसता का त्यानं? तुम्ही शिकवलेला तो.”

चाचांनी पँट घडी करून मांडीवर ठेवली. शिवणीवरून अंगठा फिरवला.

“पट्ट्या सोडल्या होत्या मी,” ते म्हणाले. “हात मीच धुतले त्याचे.”