तांबरमची विहीर आणि अम्मांची मूठभर डाळ

घर बघायला जाताना माणसं काय नेतात? छत्री, पाण्याचा तांब्या, फार तर मोजायची टेप. आम्ही स्टोव्ह नेला होता. पंपाचा, पितळी, पिनेसकट. शिवाय एक पातेलं, रॉकेलची बाटली आणि अम्मांच्या कमरेला तूरडाळीची पुरचुंडी.

अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. मराठी जुन्या वळणाची आणि हेल सगळा तमिळ. मी साताऱ्याची. लग्न होऊन मद्रासला आले तेव्हा माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं आणि त्यांचं मला पोथीतलं. "तांबरमला घर घ्यावं का हो?" असं हल्ली बरेच जण मला विचारतात, म्हणून आमची ती घर-यात्रा लिहायला बसले आहे. एकोणीसशे साठ अजून उजाडायचं होतं तेव्हाची ही गोष्ट. रस्ते बदलले, गाड्या बदलल्या, पण घर शोधणारी माणसं तेवढी बदलली असतील असं मला वाटत नाही.

आम्ही ट्रिप्लिकेनच्या एका गल्लीत 'पोर्शन'मध्ये राहत होतो. एका घरात पाच बिऱ्हाडं, मधे एक विहीर आणि आमच्या वाट्याला एक खोली नि स्वयंपाकाचा कोपरा. त्या कोपऱ्याला खिडकी नव्हती. चूल पेटली की मी डोळे पुसत फोडणी द्यायची. मला आयुष्यात एकच चैन हवी होती, खिडकी असलेलं स्वयंपाकघर.

त्यात मालकांच्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्यांनी आडी महिन्याच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं. आडी, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमाराचा महिना, लागला की तमिळ मुलखात कुणी नवं घर घेत नाही आणि बिऱ्हाडही हलवत नाही. तोवर घर मिळालं नसतं तर अम्मा तंजावरला दिरांकडे, मी साताऱ्याला माहेरी आणि आमचे हे कुठल्या तरी मेसवर, अशी पांगापांग ठरलेली होती.

घरं मिळत नव्हती असं नाही. अम्मांना पसंत पडत नव्हती. त्यांची परीक्षा एकच होती. घराच्या विहिरीचं पाणी काढायचं, त्यात डाळ शिजवायची. मऊ झाली तर पाणी चांगलं, घर चांगलं. दाणे टणक राहिले तर चला पुढे. ह्या परीक्षेत सैदापेटचं घर नापास झालं, क्रोमपेटचं नापास झालं. मी मनातल्या मनात त्या डाळीला किती शिव्या घातल्या असतील!

तांबरमच्या घराची खबर ह्यांच्या ऑफिसातून आली. एअरफोर्सच्या तळाजवळ नवी वस्ती होतेय, विमानांच्या आवाजामुळे भाव ट्रिप्लिकेनच्या मानाने अगदी उतरलेले. "रविवारी या," असा घरमालकांचा निरोप होता. अम्मांनी पंचांग बघून गुरुवार काढला. ह्यांना रजा टाकावी लागली, त्यांनी तोंड फुगवलं. तर पहिला सल्ला हा की तळाजवळचं घर रविवारी बघू नये. रविवारी विमानं विश्रांती घेतात आणि तुम्ही फसता.

एग्मोरपर्यंत सायकलरिक्षा, तिथून विजेची लोकल. त्या वेळी नवे पैसे नुकतेच आले होते, त्यामुळे तिकिटाच्या खिडकीवर आणे आणि पैसे यांचा हिशोब करता करता रांग पार बाहेर गेली होती. गाडीत स्टोव्ह मांडीवर घेऊन मी बसले. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "सहल का?" अम्मा म्हणाल्या, "घर पाहायास जाऊनलों." गृहस्थ स्टोव्हकडे बघत राहिले. मांबलम, गिंडी मागे पडलं तशी हवा मोकळी झाली. मीनंबाक्कमनंतर टेकड्या, ताडाची झाडं आणि उन्हात चमकणारी तळी. मला तर तिथेच उतरावंसं वाटलं. घरून घेतलेला दहीभात पल्लावरमला संपला. तुम्ही जाल तेव्हा जास्त न्या.

तांबरमला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेर जटके, म्हणजे तिकडचे टांगे, उभे होते. घोडा म्हातारा आणि गाडीवाला त्याहून म्हातारा, पण दोघंही आनंदी. पूर्वेच्या बाजूने तळाच्या तारेच्या कुंपणाकडे धुळीचा रस्ता गेला होता. पहिलं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा अम्मांनी दोन्ही हातांनी पातेलं डोक्यावर धरलं. घोड्याने कानसुद्धा हलवला नाही.

घराचे मालक मुदलियारमामा दारातच होते. "आज नेमका थोडा आवाज आहे," असं ओशाळून म्हणाले. घर मात्र नेटकं होतं. बाहेर बसायला कट्टा, लाल फरशी, मागे शेवगा. आणि स्वयंपाकघरात, काय सांगू, पूर्वेला हातभर रुंद खिडकी! शेवग्याची फांदी पार गजांपर्यंत आलेली. मी गज धरून उभी राहिले ती राहिलेच. तिकडे अम्मांनी मागच्या पडवीत स्टोव्ह पेटवला, विहिरीचं पाणी ओतलं, डाळ सोडली. मी मात्र डबे कुठे ठेवायचे, पाट कुठे मांडायचा हे ठरवून मोकळी झाले होते.

डाळ बराच वेळ उकळत होती. मुदलियारमामांनी कॉफी दिली, ह्यांनी छताचे वासे बघितले, तीन विमानं गेली. शेवटी अम्मांनी झाकण काढलं. चमच्यावर चार दाणे घेऊन बोटांनी दाबले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून खिडकीतच होते. त्यांनी चांगला तळहातभर घास घेतला, चावला, गिळला.

"शिजली," त्या म्हणाल्या. "घेऊन टाका पा."

ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी धावत आले. आनंदाने माझे पाय जमिनीवर नव्हते. पण गृहिणीचा हात, पातेल्याकडे जायचाच. एक दाणा उचलून दाताखाली धरला, आणि तो कटकन वाजला.

अम्मांची नजर माझ्यावर होती. मी गप्प राहिले असते तर खिडकी माझी होती. पण रोज ह्या पाण्यात रांधायचं, आणि ते ह्या बाईने तंजावरची जीभ घेऊन जन्मभर गिळायचं? मला रडूच आलं.

"नाही शिजली, अम्मा. कच्ची आहे."

"तुज डाळीचं काय कळतं गे? तुमच्या गांवीं भाकरी खातात!"

"खातात. म्हणून दात चांगले आहेत."

मुदलियारमामा हळूच म्हणाले, "चिमूटभर सोडा टाकला की होते मऊ." एवढ्यावर सौदा मोडला. ह्यांना काहीच कळेना. आजवर नाही म्हणायच्या अम्मा आणि हो म्हणायची मी, आज सगळं उलटं झालं होतं.

परतीच्या वाटेवर एका झाडाखाली ताडगोळे घेतले. थंडगार, गोड. उन्हाळ्यात तिकडे गेलात तर चुकवू नका. खाता खाता आमचं भांडण चालूच होतं, रस्त्यावर, चांगल्या चढ्या आवाजात. तेवढ्यात समोरच्या कुंपणामागून हाक आली, "अहो बाई! कुठल्या हो तुम्ही?"

हातातलं धुणं तसंच घेऊन एक बाई पळत फाटकात आली. शांताबाई, वाईची. नवरा एअरफोर्सात मेकॅनिक. "भांडण मराठीत ऐकलं आणि जीव थाऱ्यावर राहीना," म्हणाली. आम्हाला ओढतच आत नेलं आणि पाणी दिलं. अम्मांनी पहिला घोट तोंडात धरून ठेवला. डोळे मिटले.

"नल्ल तण्णी," त्या पुटपुटल्या. म्हणजे चांगलं पाणी. "कोठली विहीर ही?"

"मधली. आमची नि शेजारच्या घराची सामाईक. ते घर विकायचंय. रेल्वेतले गार्ड आहेत, निवृत्त होऊन त्रिचीला चाललेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी स्टोव्हकडे. पण राहुकाळ लागला होता. तो सरेपर्यंत अम्मांनी काडी ओढू दिली नाही. तेवढ्या वेळात शांताबाईने वाईपासून वनवासापर्यंत सगळं सांगितलं आणि विमान आलं की वाक्य मधेच सोडून, ते गेल्यावर तिथूनच पुढे चालू करायची तिची पद्धत मी शिकून घेतली. ती आजही उपयोगी पडते. मग उरलेली डाळ शिजायला टाकली. या खेपेला चव बघायची गरजच पडली नाही, पळीने ढवळताच डाळ एकजीव झाली.

गार्डसाहेबांचं घर लहान होतं. ओबडधोबड, पण भक्कम. स्वयंपाकघरात गेले आणि माझा चेहरा पडला. चारी बाजूंनी भिंत. पाणी गोड होतं, आडी तोंडावर होता, घर पांगणार नव्हतं. अजून काय हवं?

अम्मांनी पूर्वेच्या भिंतीवर टकटक केलं.

"येथें खिडकी पाडून द्या," त्या गार्डसाहेबांना तमिळमध्ये म्हणाल्या. "ती जाल्यावरच आम्ही घेणार."

"अम्मा, असू दे," हे म्हणाले.

"गप पा. भिंत फोडतां येते. खारी विहीर गोड करतां येते काय?"

गार्डसाहेबांनी हसून मान डोलावली.

ट्रिप्लिकेनला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या धुराच्या कोपऱ्यात मी चूल पेटवली, आणि पहिल्यांदाच त्या धुराचा राग आला नाही. खोलीत अम्मा पोट धरून आडव्या झाल्या होत्या.

"काय झालं?"

"ताडगोळे बाधले."

ताडगोळे आम्ही तिघांनी खाल्ले होते. मी ओवा भाजला, गरम पाण्यात घातला आणि भांडं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, माझ्याकडे न बघता.

आडीच्या आधी आम्ही तांबरमला राहायला गेलो. अम्मा जाऊन आता खूप वर्षं झाली. विमानं अजून उडतात, विहिरीवर झाकण आलं, नळाचं पाणी आलं. त्या दिवसाचा विषय निघाला की अम्मा शेवटपर्यंत ठासून सांगायच्या, "मुदलियाराघरची डाळ शिजली होती." मी दर वेळी म्हणायची, "कच्ची होती." हे आत्ता लिहितेय तेही त्यांनी पाडून घेतलेल्या खिडकीशी बसून. ऊन वहीवर आलंय, आणि ओव्याची बरणी मी अजून इथेच, हाताशी ठेवते.