दारापर्यंतची नळी

त्या मंगळवारी सकाळी माझ्या मामेभावाचा, निखिलचा फोन आला. "बाबा गेले," तो म्हणाला. मी आयर्लंडच्या दुसऱ्या टोकाला, मेनूथच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. पुस्तक मिटलं, जिना उतरले आणि ट्रलीची गाडी पकडायला निघाले.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. मिरजेच्या एका शाळेत त्याने जन्मभर इतिहास शिकवला. मामी गेल्यावर त्याच्या मुलाने, निखिलने, त्याला आयर्लंडला बोलावून घेतलं. निखिल ट्रलीच्या इस्पितळात डॉक्टर आहे. तीन महिन्यांचंच ठरलं होतं, म्हणून मामा निघाला तोही तेवढ्याच बेताने. दूधवाल्याला तीन महिने रतीब बंद सांगितला, कुंड्या आणि किल्ली शेजारच्या कुलकर्ण्यांच्या हवाली केली, चहाच्या टपरीवरच्या मित्रांना रिक्षातूनच हात केला. इथे आल्यावर निखिलने मुक्काम वाढवून घेतला, एकटा तिकडे काय करणार म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला लागला तो थांबेना. फुप्फुसं कडक होत चालली होती. मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आणि नाकात लावायची मशीनची नळी.

ती नळी त्याच्या खोलीतून मागे स्वयंपाकघरापर्यंत पोचायची आणि पुढे दाराच्या उंबऱ्यापर्यंत. त्याच्या पुढे नाही. मामा उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून बसायचा. समोर एकसारखी घरं, मधे रस्त्याचं गोल टोक, जिथे गाड्या येतात आणि वळून परत जातात. रविवारी निखिल लहान सिलिंडर घेऊन त्याला समुद्रावर न्यायचा, पण मामाची नजर लाटांपेक्षा सिलिंडरच्या काट्यावरच जास्त. "मला एकदा मिरजेला जाऊन येऊ दे," एवढंच त्याचं मागणं होतं. निखिल शांतपणे सांगायचा, "विमानात नाही, बाबा. वर हवा विरळ असते." "मिरजेत आहे ना भरपूर," मामा म्हणायचा. मागे मशीनची घरघर चालूच असायची... मी दर काही आठवड्यांनी जायची आणि हे संभाषण जवळजवळ शब्दशः ऐकायची. चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे भांडणही नीट होत नसे.

मशीन येण्याआधीचं पहिलं वर्ष मात्र बरं गेलं, ते शेजारच्या आयलीनमुळे. ती सत्तरीच्या पुढची, नवरा गेलेली, मागच्या दाराने न विचारता आत येणारी बाई. शिक्षकाला इकडच्या खेड्यांत 'मास्टर' म्हणतात, म्हणून मामा तिचा मास्टर. इथल्या स्थानिक रेडिओवर रोज सकाळी मृतांची नावं वाचतात: कोण, कुठल्या गावचं, अंत्यदर्शन कधी, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये. मामा ते कान देऊन ऐकायचा. "बातम्या संपल्या की जाहिराती लागाव्यात तशी इथे माणसं लागतात," तो मला म्हणाला होता. आयलीन त्याला अंत्यविधींना घेऊन जायची. ओळखीच्या ओळखीचा माणूस असला तरी इथे रांगेत उभं राहायचं, घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, "सॉरी फॉर युवर ट्रबल" म्हणायचं आणि मग चहा. मामा अंड्याचं सँडविच खाऊन यायचा आणि दारातूनच थेट आंघोळीला जायचा.

"बाबा, तुम्ही त्या माणसाला ओळखतसुद्धा नव्हता!" निखिल हसायचा.

"आता ओळखतो की. तिन्ही मुलींशी हात मिळवलाय. मधली फार रडत होती."

पुढे नळी आली आणि जाणं थांबलं. मग आयलीनच येऊन कोण आलं होतं, सँडविच कशी होती ते सांगायची. अशाच एका दुपारी तिने तिच्या आजीच्या बहिणीची गोष्ट सांगितली. ती अमेरिकेला निघाली तेव्हा आदल्या दिवशी गाव घरात जमलं. गाणी झाली, नाच झाला, आणि शेवटी म्हाताऱ्या बायकांनी प्रेतापाशी रडावं तसं तिच्यापाशी रडून घेतलं. ती समोर जिवंत बसलेली! परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सकाळी गावाच्या शिवेपर्यंत तिला पोचवलं. त्या काळी घरोघरी असंच करत. मामाने मला लगेच फोन केला. त्या विषयावरची पुस्तकं मी नेऊन दिली, ती त्याने एरवीसारखी टिपणं न काढता, नुसतं ओळींवर बोट ठेवून वाचली. मग एकदा दारातल्या खुर्चीतून म्हणाला, "ह्या लोकांचा इतिहास अर्धा बंदरावरच घडलाय. पण निदान निरोप तरी नीट घेतला त्यांनी. माझा कुणी घेतला नाही ग. मी तर कुंड्यांना पाणी घाला म्हणून सांगून आलो."

मिरजेला जाता येणार नाही, हे त्याने मान्य केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आता त्याला निरोप हवा होता.

तो आम्ही एका रविवारी घडवून आणला. निखिलने रजा घेतली, मी शिरा केला, आयलीन सफरचंदाचा केक घेऊन चांगला कोट घालून आली. तिकडे कुलकर्णी काका फोन हातात धरून गल्लीभर फिरले. मामाचं कुलूपबंद घर दाखवलं, कुंड्या दाखवल्या, दूधवाल्याला थांबवून त्याचं तोंड दाखवलं. टपरीवरच्या मित्रांतल्या एकाने विचारलं, "काय रे, नाकात बेसर काय घातलीयस?" मामा इतका हसला की निखिलने उठून मशीनचा आकडा वाढवला. आयलीनने एक जुनं गाणं म्हटलं. मिरजेतल्या कुणाला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सगळे उभे राहून ऐकत होते. शेवटी मामाने हात जोडले. आता तो शेवटचा निरोप घेईल म्हणून आम्ही वाट पाहत होतो. तो म्हणाला, "बरंय मंडळी... येतो."

"या," तिकडून सगळे एकदम म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मामाने फोन मांडीवर ठेवला. "झालं! एवढा घाट घालून शेवटी येतोच म्हणालो." आयलीनला काही कळेना, म्हणून मी समजावलं की आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. ती म्हणाली, "मग मास्टरला यावंच लागेल तिकडे." निखिल उठून भांडी घासायला गेला.

मी पोचले त्या मंगळवारी मामाच्या खोलीची खिडकी उघडी होती. हीटिंग वाया जातं म्हणून ती कधी उघडलेली मी पाहिली नव्हती. आयलीनने उघडली होती. जीव बाहेर जावा म्हणून इथे तशी रीत आहे. काही वेळाने ती आठवणीने लावून घ्यायची, नाहीतर गेलेला माणूस परत घरात येतो. ती लावायला उठली तेव्हा निखिल म्हणाला, "मी लावतो." त्याने कडी हातात धरली. "बाबांना तिकडे जायचंय," तो मला मराठीत म्हणाला, आणि खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी रेडिओवर मामाचं नाव वाचलं. निवेदक आडनावाशी अडखळला, थांबला, मग त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. संध्याकाळी दारात रांग लागली. त्यात तीन बहिणी होत्या, आणि मधलीने निखिलचा हात बराच वेळ सोडला नाही. शॅननला दहन झालं. घरी येऊन आम्ही आंघोळी केल्या.

त्याला आता काही आठवडे झाले. अस्थी मामाच्या खोलीत आहेत. निखिलला रजा मिळाली की तो त्या मिरजेला नेणार आहे. मशीन आणि नळी परत गेली. खुर्ची अजून दारात आहे, येताजाता तिला वळसा घालावा लागतो. कार्पेटवर नळी घासून पडलेली फिकी रेघ आहे. ती खोलीतून निघते आणि उंबऱ्यापाशी थांबते.