मी सही केली आणि अम्मी मयत झाली

माझ्या आईला मी स्वतःच्या सहीनं मयत केलं, तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यासाठी चहा गाळत होती.

मी पडेगावातल्या एका शाळेत मराठी शिकवतो. (शेख सलीम मराठी शिकवतो म्हटल्यावर नवे साहेब दोनदा विचारतात. मीही दोनदा सांगतो.) निवडणूक जवळ आली की आम्हा मास्तरांच्या गळ्यात मतदार यादीचं काम पडतं. घरोघर जायचं, अठरा वर्षांची झालेली पोरं जोडायची, लग्न होऊन गेलेल्या मुली वगळायच्या, वारलेली माणसं खोडायची. इतर मास्तर हे काम उरकतात. मला त्याचा आजार जडला!

यादी हातात आली की माझं पोट बिघडायचं. एखाद्याचं नाव माझ्यामुळं राहिलं तर? एका मतानं निकाल फिरला तर? उद्या देशाचं काही वाईट झालं, तर ते माझ्याच यादीतून झालेलं असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. एकेका घराची कडी मी तीन-तीनदा वाजवायचो. एका घरी म्हातारे आजोबा दमा घेऊन पडलेले. माझ्या तिसऱ्या खेपेला त्यांची सून दारातूनच म्हणाली, "सर, अजून हायेत. गेले की आम्हीच कळवतो. तुम्ही नका चकरा मारू!"

त्या हिवाळ्यात माझे अब्बा गेले.

वस्तीतले सगळे मयत मी मुदतीत खोडले. एकच राहिला. नाव वगळायचा तो कोरा अर्ज महिनाभर टेबलावर पडून होता. माझी बायको शबाना त्यावरची धूळ पुसायची आणि परत तिथंच ठेवायची. शेवटच्या दिवशी मात्र इलाज नव्हता. मी यादी उघडली. 'शेख नूर शेख उस्मान' म्हणजे अब्बा. त्याखालची ओळ 'शेख नूरबी शेख नूर', म्हणजे अम्मी. अब्बांच्या नावाकडं मला बघवेना. म्हणून नजर जरा खाली घेतली, आणि खाली जे नाव आणि जो नंबर दिसला तो लिहून टाकला. कारण : मयत. तळाला छापलेलं होतं, 'मी स्वतः घरी जाऊन खात्री केली आहे.' घरीच तर बसलो होतो! सही ठोकली.

अम्मी चहा घेऊन आली. "झालं का रे काम?"

"झालं," म्हणालो, आणि हुंदकाच फुटला. ती शेजारी बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मयत बाई!

मतदानाच्या आठ दिवस आधी वाटायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अब्बांची चिठ्ठी होती. अम्मीची नव्हती. यादी उघडली, तर अम्मीच्या नावावर आडवा शिक्का : वगळले. मी तसाच तहसील कचेरीत गेलो.

"साहेब, माझी आई जिवंत आहे."

"आनंद आहे," कारकून म्हणाला.

"पण यादीत ती मयत दाखवली आहे!"

"कोणत्या मूर्खानं दाखवली?" त्यानं अर्ज शोधून काढला, सही वाचली, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मग अगदी मायेनं म्हणाला, "मास्तर, यादी आता बंद झाली. निवडणूक झाली की आईंचा नवीन मतदार म्हणून अर्ज भरा."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचा नवीन मतदार म्हणून?"

"तुम्ही तर घरी जाऊन खात्री केलीये ना!"

दुसऱ्या कुणाच्या आईचं असं झालं असतं तर मी तिचे पाय धरून मोकळा झालो असतो. पण अम्मीचं वेगळं आहे. ती गंगापूरकडची. निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा सात-आठ वर्षांची होती. त्या दिवसांबद्दल ती फार बोलत नाही. सगळे बाजरीच्या शेतात लपले होते आणि परत आले तेव्हा तिचे दोन चाचा नव्हते, एवढंच सांगते. पुढं कधीतरी गावात यादी लिहायला माणूस आला. तिच्या आईनं परक्या पुरुषाला नाव सांगितलं नाही. त्यानं 'अमक्याची बायको' असं लिहिलं, आणि छापताना ती ओळच गळाली. मतदानाला गेलेली नानी दारातूनच परत आली. तेव्हा अम्मीच्या वडिलांनी पोरीला सांगितलं, "तू नाव मोठ्यानं सांगत जा. नाव लिहिलेलं असलं म्हणजे माणूस इथला असतो."

तेव्हापासून अम्मी मतदान केंद्रावर स्वतःचं नाव असं सांगते की रस्त्यावरची रिक्षा थांबते.

अशा बाईला मी काय सांगणार होतो? मी काहीच सांगितलं नाही. उलट तिनं जाऊच नये म्हणून मोहीम उघडली.

"अम्मी, यंदा ऊन लई आहे."

"असू दे."

"तुझा गुडघा?"

"गुडघा मत टाकतो का?"

"मशीन बदललंय म्हणे."

"मी बटण दाबते, मशीन दुरुस्त नाही करत. काय रे, तुझं पोट परत बिघडलंय का?"

बिघडलंच होतं. शेवटी मतदानाच्या दिवशी सकाळी, "आपल्या घरच्या चिठ्ठ्या दुपारी येणार आहेत, मी न्यायला येतो, तोवर बस," अशी थाप मारून मी केंद्रावर पळालो. बाहेर झाडाखाली चिठ्ठ्या लिहून द्यायचं माझं टेबल होतं. दहा वाजले, अकरा वाजले. मनात म्हटलं, संध्याकाळी विसरलो म्हणून सांगू. तेवढ्यात कदमकाकांची जीप फाटकात शिरली. कदमकाका म्हणजे आमचे शेजारी, अब्बांचे चाळीस वर्षांचे दोस्त.

"मास्तर!" ते लांबूनच ओरडले. "तुम्हाला सवड न्हाय म्हणून भाभींना मीच आणलं बघा!"

अम्मी काठी टेकत टेबलापुढं येऊन उभी राहिली. "लिही चिठ्ठी. शेख नूरबी शेख नूर!" सगळ्या रांगेनं मान वळवली.

"अम्मी, जरा बस."

"बसायला आले का मी?"

"तुझं नाव नाही."

"नीट बघ."

"बघितलं. तू... मयत आहेस."

"कोणी लिहिलं?"

एवढ्या वर्षांत मुलांना मी किती धडे शिकवले. तोंडातून एकच अक्षर निघालं. "मी."

तिनं हळूच विचारलं, "आणि तुझे अब्बा?"

"ते आहेत. यादीत." मी त्यांची चिठ्ठी पुढं केली. मला वाटलं, ती फाडेल. तिनं ती उलटीसुलटी केली, पदरानं पुसली आणि मुठीत धरली.

कदमकाका पुढं सरसावले. "मंग त्यांच्या नावावर टाकू द्या की! घर तर एकच हाय!"

"काका, गुन्हा आहे तो!"

"आन हे काय हाय?" असं म्हणत त्यांनी अम्मीकडं बोट दाखवलं, आणि त्या बोटावर सकाळच्या मताची ताजी शाई आहे हे ध्यानात येताच हात खिशात घातला.

अम्मी म्हणाली, "माझी आई नाव बोलली नाही, म्हणून तिचं गेलं. मी जन्मभर ओरडून सांगत आले. माझंही गेलं." मग ती वळली आणि जीपकडं चालू लागली. काठी मध्येच थांबायची, परत टेकायची. मी पुढच्या माणसाची चिठ्ठी लिहायला घेतली. अक्षरं दिसत नव्हती, म्हणून त्याचं नाव तीनदा विचारलं.

त्यानंतर अम्मीनं माझ्याशी बोलणं बंद केलं. निरोप शबानाकडून यायचे. "म्हणतात, मयत बाई मेथी निवडत नाही." "म्हणतात, मयताला डॉक्टर कशाला?" मी जेवायला बसलो की ती उठून जायची.

पाचव्या दिवशी ती आपण होऊन माझ्या टेबलाशी आली. "यादी उघड."

उघडली. तिला वाचता येत नाही, पण आमचं नाव कुठं आहे ते पक्कं ठाऊक. तिनं अब्बांच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं बघ. खाली नको बघूस. लिही."

मी लिहिलं. शेख नूर शेख उस्मान. कारण : मयत. सही होईपर्यंत तिनं बोट उचललं नाही. मग आम्ही दोघंही बराच वेळ रडलो, अब्बा गेले त्या दिवशी रडायला हवं होतं तसं.

नंतर तिचा अर्ज भरायला घेतला. मी विचारलं, "नोंदणी पहिल्यांदाच का?"

"हौ," अम्मी म्हणाली. "मेल्यानंतर पहिल्यांदाच."

कचेरीत अठरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत ती तासभर उभी राहिली. पुढच्या निवडणुकीत तिनं नाव सांगितलं, तेव्हा आतल्या अधिकाऱ्यानं कानावर हात ठेवले.

अम्मी वगळली गेली त्याच वर्षी कचेरीनं मला बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की संपूर्ण निवडणुकीत माझ्या यादीबद्दल एकही तक्रार आली नाही. टाळ्या वाजल्या, मी मान खाली घालून नम्रपणे स्वीकारल्या. तक्रार येणार तरी कशी? करणारी एकच होती, आणि तिचा बंदोबस्त मी मुदतीत केला होता!