वरून पाणी

आयसेलिनमध्ये मी एका छोट्या कमर्शियल इमारतीची व्यवस्था बघते. चार भाडेकरू: दातांचे डॉक्टर, ब्यूटी पार्लर, टॅक्सवाले, आणि कोपऱ्यात एका काकूंचं केटरिंगचं किचन. मालक दुसऱ्या राज्यात असतात, म्हणून गळकं छप्पर, पार्किंगमधला बर्फ, कचऱ्याची गाडी, सगळं माझ्या यादीत. त्या यादीतल्या एका ओळीचा मला दर वर्षी राग यायचा. बॅकफ्लो टेस्ट.

तळघरात, रस्त्याकडून पाण्याचा पाइप आत येतो तिथेच, एक पितळी यंत्र बसवलंय. आत स्प्रिंगवर दाबून बसणारी दोन झाकणं. पाणी रस्त्याकडून इमारतीत येऊ द्यायचं, पण इमारतीतलं रस्त्याकडे परत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. ते काम नीट चाललंय हे दर वर्षी लायसन्स असलेल्या माणसाकडून तपासून घ्यायचं आणि रिपोर्ट पाणी कंपनीला पाठवायचा. टेस्टची फी एक. यंत्र मोठं असेल तर जास्त. नापास झालं तर दुरुस्ती वेगळी, सुटे भाग वेगळे, मग परत टेस्ट आणि तिची फी परत. काही जण रिपोर्ट भरायचेही वेगळे पैसे लावतात. आणि एवढं करून दिसतं काय, तर काहीच नाही. छप्पर दुरुस्त केलं की निदान बादली उचलता येते.

या वर्षी आमचा नेहमीचा टेस्टर रिटायर झाला आणि हे मला पाणी कंपनीच्या दुसऱ्या नोटिशीतून कळलं. शुक्रवारपर्यंत पास झाल्याचा रिपोर्ट आला नाही तर इमारतीचं पाणी बंद. मी तीन ठिकाणी फोन केले. सगळ्यात स्वस्त माणूस पुढच्या आठवड्यात मोकळा होता. शुक्रवारी सकाळी येऊ शकणारी एकच बाई मिळाली, आणि ती स्वस्त नव्हती.

शनिवारी काकूंची ऑर्डर होती. आख्ख्या लग्नाचं जेवण, पुरणपोळीसकट. काकू नागपूरच्या. इकडे परदेशात मुलाकडे राहायला आल्या, घरातून डबे देता देता इथवर पोहोचल्या आणि साठी जवळ आल्यावर स्वतःच्या नावावर किचन भाड्याने घेतलं. ही त्यांची पहिलीच लग्नाची ऑर्डर. नळाला पाणी नसेल तर इथे किचन चालवता येत नाही, तो नियमच आहे. म्हणजे शुक्रवारी यंत्र नापास राहिलं तर शनिवारी त्या लग्नात पिझ्झा.

गुरुवारी मी भाडेकरूंच्या ग्रुपवर इंग्रजीत मेसेज टाकला आणि काकूंना मराठीत वेगळा: "उद्या सकाळी टेस्टसाठी थोडा वेळ पाणी जाईल."

हे वाक्य मी विचार न करता लिहिलं. आपल्याकडे पाणी जातं आणि येतं. डॉक्टरांनी त्यांचा मेसेज वाचून पहिला पेशंट पुढे ढकलला. काकूंनी पिंपं भरली.

टेस्टर बाई सकाळी आल्या. माझ्याच वयाच्या, खांद्यावर पिवळी पेटी, आल्या आल्या म्हणाल्या, "इथे बल्ब बदला, नाहीतर पुढच्या वर्षी अंधाराची फी लावीन." त्यांनी रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद केला. मग यंत्राच्या रस्त्याकडच्या बाजूला असलेली छोटी तोटी उघडली आणि खाली बादली धरली.

"अडकलेलं पाणी निघून जाईल आणि थांबेल," त्या म्हणाल्या.

ते थांबलं नाही. बारीक धार पडतच राहिली. रस्त्याकडचा व्हॉल्व्ह बंद होता, तरी पाणी येत होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "हे तुमच्या इमारतीतून येतंय. दोन्ही झाकणं धरत नाहीत."

थोड्या वेळाने धार गढूळ झाली. पिवळट, किंचित फेसाळ. मी वाकून वास घेतला. हा वास मला पाठ होता, पण तळघरात तो कुठून आला हे कळेना. बादलीत एक पातळ, पारदर्शक साल तरंगत होतं. हरभऱ्याच्या डाळीचं.

तेवढ्यात वरून काकूंचा आवाज आला. "अगं ए, माझ्या डाळीतलं पाणी कोण घेऊन राहिलंय? पातेलं खाली चाललंय बाप्पा!"

आम्ही दोघी वर धावलो. काकूंनी नळाला रबरी पाइप लावला होता आणि त्याचं टोक डाळ भिजवलेल्या भल्या मोठ्या पातेल्यात तळापर्यंत बुडवलं होतं, शिंतोडे उडू नयेत म्हणून. पाणी गेल्यावर नळ पूर्ण उघडून ठेवलेला. पाणी आलं की आपोआप भरावं म्हणून. कडेची पिंपं याच पाइपाने भरलेली. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं होतं, मला त्यात वावगं काहीच दिसलं नसतं. पण आता पातेल्यातलं पाणी आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. कुणी हात लावत नव्हतं. ते पाइपात चढत होतं, नळात शिरत होतं, भिंतीतून, डॉक्टरांच्या मागून, जिन्याखालून, त्या बादलीत पडत होतं. मी पाइपावर हात ठेवला. पाणी उलटं चाललंय हे हाताला कळत नाही. पाइप नेहमीसारखाच गार होता.

बाईंनी नळ बंद केला आणि समजावून सांगितलं. रस्त्यावर कुठे आग लागते, बंबवाले हायड्रंट उघडतात, रस्त्याखालचा दाब एकदम पडतो. त्या क्षणी रस्ता घराघरातून पाणी परत ओढायला लागतो. ज्याचा पाइप ज्यात बुडालेला असेल ते. मध्ये ही दोन झाकणं नसतील तर ते सगळ्यांच्या नळाला.

मी काकूंना मराठीत सांगितलं.

"म्हणजे उष्टं," त्या म्हणाल्या. "आपलं उष्टं पाणी गावाला."

"हो."

"आणि त्या दातवाल्याच्या चुळा माझ्या पुरणात?"

"नळापर्यंत काही पोहोचत नसावं, काकू."

"नसावं म्हणे. तू विचार तिला."

बाईंनी विचारलं, ऊश्ता म्हणजे काय? मी म्हटलं, एकाचं तोंड लागलेलं, म्हणून दुसऱ्याला द्यायचं नाही असं. त्यांनी मान डोलावली. "म्हणजे माझं कामच की. यासाठी तुमच्याकडे एक शब्द आहे?"

मी हो म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर रस्त्याखालचा तो पाइप होता. प्रत्येक दुकान, शाळा, दवाखाना, प्रत्येकाच्या तळघरात एक पितळी झाकण, कुणाचं उष्टं कुणाला लागू नये म्हणून बसलेलं. इथल्या ओक ट्री रोडवर गाडी चालवताना मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

पण यंत्र नापास होतं. झाकणांची रबरं कडक होऊन चिरली होती आणि त्या मापाची रबरं बाईंच्या गाडीत नव्हती. त्या शेजारच्या एडिसन गावातल्या दुकानात निघाल्या. "मिळाली तर आज, नाहीतर सोमवारी."

काकूंनी डाळ कचऱ्यात ओतली. मी म्हटलं, पिंपातल्या पाण्यात नवी भिजवा तोवर. "त्यात पण पाइप बुडवलाच होता की," त्या म्हणाल्या आणि पिंपंही उपडी केली. मग रिकाम्या ओट्याशी हात पुसत बसल्या. मी यादीतली बाकीची कामं करायला घेतली आणि एकही झालं नाही.

बाई दुपारी परतल्या. रबरं बदलली, तीच तोटी पुन्हा उघडली. धार आली, बारीक झाली, थांबली. आम्ही तिघी त्या कोरड्या तोटीकडे बघत उभ्या होतो. मग बाईंनी दाब मोजायचं गेज लावून राहिलेली मापं घेतली, फोनवरून रिपोर्ट पाठवला आणि बिल माझ्या हातात दिलं. मी त्या बिलाची न बघताच घडी घातली. असं मी पहिल्यांदाच केलं असेल.

वर पाणी आलं तेव्हा काकूंनी पाइप उचलला. बाईंनी त्यांचा हात धरून टोक पातेल्याच्या काठाच्या चार बोटं वर आणलं. "असं. मध्ये हवा राहिली की काही परत जात नाही."

काकूंनी ते पाहिलं. मग फडताळातला तांब्या काढला, भरला, मान मागे टाकली आणि ओठ न लावता वरून धार तोंडात सोडली. घटाघटा. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "असंच ना?"

बाई बघतच राहिल्या. "अगदी असंच."

"मग आधी सांगायचं नाही का," काकू मला म्हणाल्या, आणि नव्या डाळीवर वरून पाणी सोडायला लागल्या. शिंतोडे सगळीकडे उडत होते.