डब्यातली मिसळ

परवा आमच्याकडे पिझ्झ्यावरून जुंपली. नातू म्हणतो काळेवाडीतला चांगला. नात म्हणते छे, संत तुकाराम नगरातला, त्याच्या पुढे सगळे झक मारतात. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, आमच्या कॉलेजच्या वेळी चिंचवड स्टेशनजवळ एक होता, त्याची सर कुणाला नाही, पण तो बंद पडला. झालं, मग पोरं गप्प. जो बंद पडला त्याच्याशी कोण भांडणार? मी आपली शेंगा सोलत बसले होते. मला कुणी विचारलं नाही, मीही तोंड घातलं नाही. पण मन कुठल्या कुठे गेलं.

असंच भांडण माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चालायचं. तेव्हा पिंपरीला औषधांची कंपनी नुकती सुरू झाली होती. शहर बिहर काही नव्हतं हो. पिंपरी एक गाव, चिंचवड एक गाव, मधे हरभऱ्याची शेतं आणि बाभळी, शेजारून मुंबईचा रस्ता आणि रेल्वे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांचा कॅम्प पिंपरीला होता, तेवढीच काय ती वर्दळ. आमचे हे कंपनीत लागले होते आणि चिंचवडात आम्ही दोन खणांची खोली घेतली होती. सासू-सासरे दौंडकडे गावी. नव्या नवरीला एकटीचं घर मिळालं म्हणून माझ्या मैत्रिणींना माझा हेवा वाटायचा.

ओट्यावर तिघं बसायचे. एक हे. दुसरे शेजारच्या खोलीतले कोकणातले भावजी, यांच्याच खात्यात कामाला. तिसरे चाकणकडचे, घरची कांद्याची शेती. ते आठवडाभर आमच्या गल्लीत राहायचे आणि सुट्टी आली की सायकल मारत गावी जायचे. कंपनी सुटल्यावर ही तिकडी आधी कुठेतरी पोटपूजा करायची म्हणे, आणि मग ओट्यावर बसून कुठलं चांगलं यावर डोकं लावायची.

चाकणवाल्यांचं म्हणणं, आमच्या बाजारातल्या भज्यांना तोड नाही. "कांदा आमचा, तेल घाण्याचं, बेसन जात्यावरचं. अजून काय पाहिजे राव?" कोकणातले भावजी आधी प्रत्येक पदार्थात खोबरं नाही म्हणून नाक मुरडायचे, आणि मग एकदा कॅम्पातल्या सिंध्याकडे त्यांनी पकवान खाल्लं. मोठी गोल कुरकुरीत पुरी, तिच्यावर डाळ, डाळीवर कांदा आणि चिंचेची चटणी. खरं सांगायचं तर पोरांच्या त्या पिझ्झ्याचा थोरला भाऊच तो. तेव्हापासून भावजी त्याच्या भजनी लागले. आणि आमचे हे, ते स्टेशनजवळच्या मिसळीचे. फाटकाच्या अलीकडे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि एक भट्टी, एवढंच ते हॉटेल. लग्नाआधीचं वर्षभर ते त्या मिसळीवरच जगले होते, आणि तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की यांचा आवाज चढायचा.

मी आत चुलीपाशी. ऐकायचं, भाकरी थापायच्या आणि चहा बाहेर द्यायचा. बाईमाणसानं हॉटेलात बसायचं नाही, हा तेव्हाचा शिरस्ता. पुण्यात म्हणे पडदा लावलेल्या खोल्या असायच्या बायकांसाठी. इथे पत्र्याच्या टपरीत कसला पडदा? पण हे आठवड्यातून एकदा तरी माझ्यासाठी मिसळ आणायचे. यांच्याकडे जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एकच कडीचा डबा होता, जेवणाचा. त्यातच मटकी, त्यातच शेव, त्यावर रस्सा, सगळं एकत्र. स्टेशनपासून घरापर्यंत डबा हिंदकळत यायचा. घरी आला की थंडगार. मग मी तो शेगडीवर ठेवून चांगला रटरटवायची. पाव कागदात गुंडाळलेला, तोही मऊ पडलेला. हे समोर पाटावर बसायचे, म्हणायचे, "तू खा. माझं तिथंच झालंय." आणि मी ती शिजलेल्या शेवेची लापशी खायची.

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला खरंच वाटायचं, मिसळ म्हणजे हेच. माहेरी आमच्याकडे कुणी केली नव्हती, कधी बघितली नव्हती. मनात म्हणायची, या माणसांना झालंय काय? एवढे शिकलेसवरलेले, आणि या गिचक्यावरून रोज भांडतात. रागही यायचा. स्वतः तिथे गरमागरम हाणून यायचं आणि बायकोला डब्यात आणून द्यायचं. वर ओट्यावर बसून तिची कौतुकं सांगायची.

एके संध्याकाळी माझं डोकं फिरलं. तव्यावर भाकरी, धूर डोळ्यात, आणि बाहेर यांचं चाललेलं, की शेव दाताखाली कशी कुरकुरते. मी आतूनच म्हणाले, "कसली कुरकुरते? त्या लापशीसाठी भांडताय होय एवढे?"

तिघांनी माना आत वळवल्या. मग चाकणवाले म्हणाले, "वहिनी, मिसळीला लापशी म्हणता? तुमी तिथं बसून खाल्ली न्हाई, म्हणून असं बोलताय."

"मला कोण नेणार बसायला?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही आपले तिथे बसून खाऊन येता. मला काय, डबा."

त्यावर ते दोघं यांच्याकडे बघायला लागले आणि हे जमिनीकडे. कोकणातले भावजी उगाच खाकरले, चपला शोधू लागले. बैठक मोडली. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण हे नेहमीसारखे जेवले. हात धुताना म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी दुपारी जाऊ. दुपारी तिथं कुणी नसतं."

आता काय सांगू तुम्हाला. चार दिवस मला काही सुचेना. मला त्या बाकड्यावर बसून गरम मिसळ खायची होती, यांच्या समोर बसून. एवढंच. आज ऐकायला हे किती साधं वाटतं. पण घरी हे जेवल्याशिवाय मी कधी ताटाला हात लावला नव्हता. नवऱ्याच्या समोर बसून, तो जेवतोय आणि आपणही जेवतोय, हे मी माझ्या आईलाही करताना पाहिलं नव्हतं. गावी कळलं असतं तर सासूबाईंनी वर्षभर तोंड फिरवलं असतं. शेजारच्या वहिनींना मी सांगितलं, गणपतीला जाऊन येतो.

हिरवं लुगडं नेसले, पदर डोक्यावरून नीट घेतला. हे पुढे आणि मी चार पावलं मागे. हॉटेल दिसलं, भट्टीचा वास आला, आणि हे एकदम थबकले. बाकड्यावर त्यांचे सख्खे चुलते बसले होते. माझे चुलत सासरे. चहा बशीत ओतून फुंकर घालत होते. चिंचवडच्या गणपतीला आले होते आणि पुण्याकडची गाडी यायची म्हणून टेकले होते. पळायला जागा नव्हती. त्यांनी आम्हाला बघितलंच.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "कुठं रं निघालासा जोडीनं?"

आता यांनी काय म्हणावं? म्हणाले, "तळेगावला. हिच्या मावशीकडं."

"मावशी तळेगावला कवा गेली?"

मी पदराआड. माझी मावशी अख्खा जन्म बारामतीत, पण बोलणार कोण? हे म्हणाले, "नुकतीच गेली." चुलत सासरे भले माणूस. म्हणाले, चला मग, तुमची गाडी आधी हाय, तुमाला बसवून देतो. आणि खरंच आले की हो फलाटावर. यांना झक मारत तळेगावची तिकिटं काढावी लागली. गाडी आली, आम्ही चढलो. सासऱ्यांनी खिडकीतून प्रसादाची नारळाची वाटी माझ्या ओंजळीत दिली. "मावशीला नमस्कार सांग," म्हणाले. गाडी सुटली.

देहूरोड येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. मला रडू यायच्या बेतात होतं. आणि एकदम हे हसायला लागले. गदागदा. डब्यातली माणसं बघायला लागली, तरी थांबेनात. "मावशीला नमस्कार सांग," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा सुरू. मग मलाही हसू आवरेना. लग्नाला आठ-नऊ महिने झाले होते, पण हा माणूस असा हसतो हे मला त्या दिवशी कळलं. अजून मला ते हसणं ऐकू येतं, आणि ऐकू आलं की हातातलं काम थांबतं.

तळेगावला उतरून आम्ही स्टेशनाबाहेर झाडाखाली बसलो. सासऱ्यांनी दिलेलं खोबरं खाल्लं, नळाचं पाणी प्यालो. परतीच्या गाडीला बराच वेळ होता. मी म्हणाले, "राहू द्या आता. घरी जाऊ सरळ. नशिबात नाही माझ्या." हे म्हणाले, "उतरल्यावर बघू."

चिंचवडला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलवाल्यानं एक बाकडं आत घेतलं होतं, दुसरं उचलायच्या बेतात होता. मावळातला म्हातारा, खांद्यावर फडकं. यांना बघून त्यानं सवयीनं हात पुढे केला. "आणा डबा. थोडी मटकी हाय अजून."

हे म्हणाले, "डबा नाही आणला. आज बसणार आहोत. दोघं."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी पदर पुढे ओढला. मनात म्हटलं, आता हा नको म्हणणार. पण त्यानं बाकडं पुन्हा खाली ठेवलं, आतलंही बाहेर आणलं आणि दोन्ही समोरासमोर मांडली. मधे एक खोकं. फडक्यानं पुसलं. भट्टीत कोळसा सारला आणि मग यांना म्हणाला, "लई दिसांनी बसलासा. लगीन झाल्यापास्नं ह्या बाकड्यावर टेकला न्हाईसा तुमी. तुमचं दोस्त बसून खात्यात, तुमी आपलं डबा भरून घेऊन पळता. मी म्हनायचो, रागावला का काय आमच्यावर."

मी यांच्याकडे बघितलं. हे भट्टीकडे बघत होते.

"तुम्ही तर म्हणायचात, तिथंच झालंय म्हणून," मी म्हणाले.

"हं."

"रोज ओट्यावर भांडता. शेव कशी कुरकुरते सांगता."

"आधीची आठवत होती ना."

"मग बसायचं की दोघांबरोबर. कुणी धरलं होतं?"

म्हातारा पाठमोरा झाला होता, रस्सा ढवळत होता. मग हे हळूच म्हणाले, "तू घरी एकटी. कसंतरी वाटायचं."

मला इतका राग आला म्हणून सांगू. मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोलले होते इतके महिने, गरमागरम हाणून येतात म्हणून, आणि हा माणूस माझ्यासमोर पाटावर बसून, उपाशीपोटी, मला लापशी खाताना बघत होता. बोलायचं नाही का? एवढे ओट्यावर तावातावानं बोलणारे, आणि ही एक गोष्ट बोलता आली नाही.

दोन ताटल्या आल्या. मटकी, वर शेव, कांदा, लिंबू. लालभडक रस्सा वेगळा, वाफाळणारा. म्हाताऱ्यानं माझ्या ताटलीत रस्सा ओतला. मी सवयीनं हात मागे घेऊन बसले, हे आधी खातील म्हणून. हेही थांबलेले.

"तुम्ही घ्या," मी म्हणाले.

"तू घे."

"आधी तुम्ही."

"आधी नाही आणि नंतर नाही," हे म्हणाले. "घे. शेव मऊ पडेल."

आणि आम्ही दोघांनी एकदम पहिला घास घेतला. हो, कुरकुरली शेव. मी मान हलवली. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, आपला निकाल लागायचाय तसे. "आहे की नाही?" म्हणाले. मी म्हणाले, "आहे." त्या दिवसानंतर आमच्या घरी दोन पाट समोरासमोर मांडले जायला लागले. सासूबाई आल्या की एक उचलायचा, गेल्या की पुन्हा मांडायचा. पाटाचं टेबल झालं, तरी समोरासमोरच. हे जाईपर्यंत.

आता मला कुठेही नेतात पोरं. गरमागरम पुढे आणून ठेवतात, आजी आधी तू घे म्हणतात. लाडानं म्हणतात, मला कळतं. मी घेते, चांगलं असतं तेही. पण पहिला घास हातात घेतला की मी अजून थांबते, समोरचं माणूस घास उचलेल म्हणून. नात विचारते, आजी, खात का नाहीस? मी म्हणते, गरम आहे गं, जरा निवू दे.