सोळा फेरे डावीकडे

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलपांच्या दुकानाला लागून, काटेबाईंचं एवढंसं दुकान आहे. वजनकाटे दुरुस्त करायचा धंदा, म्हणून त्या काटेबाई. खऱ्या नावाने कोणी हाक मारलीच, तर त्या स्वतःच मागे वळून बघतील, दुसरं कोणी उभं आहे का म्हणून. वडिलांकडून शिकलेलं हे काम त्या तीस वर्षं करताहेत. भाजीवाला, सोनार, औषधांचा दुकानदार, पोस्टातला कारकून, सगळ्यांचे काटे त्यांच्या टेबलावर येतात. टेबलाच्या खणात मखमली पेटीत पितळी प्रमाण वजनं आहेत. त्यांना बोट लावायची घरात कोणाची टाप नाही. उचलायची ती चिमट्यानेच.

"बाई, काटा पाच ग्रॅम जास्त दाखवतोय हो," असं रडगाणं घेऊन गिऱ्हाईक आलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला.

"रोज पाचच?"

"रोज पाचच."

"मग निर्धास्त जा. रोज एकच खोटं बोलणारा काटा मी दहा मिनिटांत सुधारते. रोज नवं खोटं बोलणारा आणलात, तर भंगारवाल्याचा पत्ता देईन."

अशा या बाई बावन्नाव्या वर्षी हातात धनुष्य घेऊन मैदानावर उभ्या राहिल्या, त्या सुनेपायी.

सून हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. लग्नाआधीपासून तिला कंपाउंड धनुष्याचा नाद. दोन्ही टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य. दोरी ओढताना खांदा निघेल असं वाटतं, आणि शेवटाला आलं की चाकं फिरून एकदम हलकं होतं. मूल झालं तशी दोन वर्षं ते कपाटावर जाऊन बसलं. पुन्हा खाली काढलं, तर तिच्या जोडीदार मैत्रिणीची बदली झालेली. तिच्या धनुष्याच्या क्लबाचा नियम असा, की वार्षिक जोडी स्पर्धेत ज्याचं नाव असेल, त्यालाच वर्षभर सरावाची लेन मिळते. जोडीत एक जुना हवा आणि एक नवखा. सुनेने चार जणांना विचारलं, चौघांनी हसून टाळलं.

"राहू दे, यंदा सोडूनच देते," ती एका रात्री चमचे पुसता पुसता म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की काटेबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. बाईच्या आयुष्यातली आवडती गोष्ट अशीच जाते हे त्यांना माहीत होतं. भांडण नाही, रडणं नाही, चमचे पुसता पुसता.

"नवखी म्हणजे कितीही नवखी चालते का गं?"

"आई, तुम्ही?"

"का? नीट उभं राहायचं, नीट बघायचं आणि हात हलू द्यायचा नाही. आजवर मी दुसरं काय केलंय?"

मुलगा खो खो हसला. "आई मैदानावर उतरली की शेजारच्या सोसायटीने खिडक्या लावून घ्याव्यात."

"तू तुझ्या लेकीचं नाक पूस आधी. केव्हाचं वाहतंय."

तीन महिने बाई रोज सकाळी क्लबात गेल्या. हात खरोखरच हलत नव्हता. धनुष्य क्लबाचं होतं आणि त्याची साइट, म्हणजे समोर बसवलेल्या रिंगमधला लाल ठिपका, क्लबात शिकवणाऱ्या सरांनी आधीच लावून ठेवलेली. दोरीतल्या बारक्या छिद्रातून तो ठिपका बघायचा, निशाणाच्या मधल्या पिवळ्यावर आणायचा आणि मनगटाला बांधलेल्या, दोरी धरून ठेवणाऱ्या रिलीजचा घोडा हळूच दाबायचा. बाईंचे तीर वीस मीटरवरून मुकाट्याने पिवळ्याच्या आसपास जाऊन बसायचे.

मात्र जोडीत नाव लागण्याआधी नवख्याला परीक्षा द्यावी लागे, आणि तिचा नियम वेगळा होता. नवख्याने स्वतःच्या धनुष्याची साइट सगळ्यांसमोर, स्वतः लावायची. त्यासाठी नऊ तीर. मग मोजायचे सहा, आणि सहाही पिवळ्याभोवतीच्या लाल वर्तुळाच्या आत हवेत. जोडीदाराने तोंडातून शब्द काढायचा नाही. साइट लावण्याचा धडा सरांनी घेतला, त्या दिवशी बाई नेमक्या घाऊक बाजारात काटे तपासत होत्या. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सुनेने विचारलंही होतं.

"आई, साइटचं सांगून ठेवू का थोडं?"

"तीस वर्षं काटे लावतेय मी. मला काय सांगतेस? जा, झोप."

शनिवारी सकाळी सरांनी, बाईंनी परीक्षेसाठी घेतलेल्या नव्या धनुष्याचा, साइटचा ठिपका डावी-उजवीकडे सरकवणारा नॉब गरागरा फिरवून टाकला. "उंची ठीक आहे. बाजू बिघडवली आहे. अकरा वाजता स्पर्धेची यादी बंद. करा सुरू."

पहिले तीन तीर गेले. तिन्ही पिवळ्याच्या डावीकडे, वीतभर लांब, निळ्या पट्ट्यात. मागच्या बाकावर कोणीतरी चुकचुकलं. मुलाने मांडीवरच्या लेकीचे डोळे झाकले. काटेबाई मात्र खूश! तिन्ही तीर एकमेकांना इतके खेटून होते, की एका वाटीखाली झाकले असते.

"वा! रोज एकच खोटं," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"काही नाही. धंद्यातलं बोलणं."

आता काटा जास्त दाखवत असला, की तो कमीकडे आणायचा. तीर डावीकडे जातोय, तर ठिपका उजवीकडे न्यायचा. यात विचार कसला? बाईंनी नॉब उजवीकडे फिरवला, सवयीने फेरे मोजत. आठ. पदर खोचल्यासारखा जॅकेटचा काठ खाली ओढला आणि पुढचे तीन तीर सोडले.

पहिला कागदाच्या अगदी डाव्या काठावर. दुसरा त्याला चिकटून. तिसरा कागद सोडून मागच्या गवताच्या गादीत.

बाकावर आता चुकचुकायलाही कोणी धजेना. सुनेने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. तिचे डोळे सांगत होते, ओठ मिटलेले होते. सरांनी घड्याळ बघितलं. "साडेदहा. साइटचे तीन तीर उरले, बाई."

"माहीत आहे. मोजता येतं मला."

त्यांनी धनुष्य स्टँडवर ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिल्या. तोंडात मारल्यासारखं झालं होतं, नाही असं नाही. पण काटा बिघडला म्हणून टेबल सोडून पळालेल्या त्या कधी नव्हत्या. दुकानातलं टेबल त्यांनी डोळ्यांसमोर आणलं. पारड्यात प्रमाण वजन आहे, काटा भलतंच दाखवतोय. मग आपण काय हलवतो? वजन? छे! वजन जिथे आहे तिथेच राहतं. आकडा वजनापाशी आणायचा असतो.

मग इथे वजन कोण?

तीर! तीर तर एकाच जागी जातोय, इमानाने जातोय. तोच प्रमाण. हलायचंय ते ठिपक्याने, आणि जायचंय ते तिराकडे. तीर डावीकडे, तर ठिपकाही डावीकडे. एवढं साधं, आणि ते चिमट्याने वजनं उचलणाऱ्या बाईला कळू नये! त्या स्वतःशीच इतक्या मोठ्याने हसल्या, की नात दचकली.

"आजी वेडी," नात म्हणाली.

"होती गं. पाच मिनिटं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

चुकीचंही माप हाती होतंच. आठ फेरे उजवीकडे दिले, तेव्हा तीर एक वीत आणखी डावीकडे सरकले. म्हणजे आठ फेऱ्यांना एक वीत. आता दोन विती परत यायचंय. त्यांनी नॉब डावीकडे फिरवायला घेतला. एक, दोन, तीन... सुनेचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. सोळाव्या फेऱ्याला तिने ओढणी दातांतून सोडली.

उरलेले तीन तीर पिवळ्याच्या उजव्या कडेला दाटीवाटीने बसले.

"चालेल की असंच," बाकावरचे एक आजोबा म्हणाले.

"तुमच्या भाजीवाल्याचा काटा असाच राहू दिला तर चालेल का?" बाईंनी विचारलं, आणि ठिपका दोन फेरे उजवीकडे, तिरांच्या दिशेने, सरकवला.

मग मोजायचे सहा. पहिले चार पिवळ्यात. पाचवा सुटताना त्यांच्या कोपराची पकड किंचित ढिली झाली. त्यांना कळलं, तिरालाही कळलं. तो लाल पट्ट्याच्या बाहेरच्या रेघेला टेकून बसला. सरांनी वाकून बघितलं. "आत आहे. केसभर."

"आई..." सुनेच्या तोंडून निघून गेलं.

"बोलायचं नाही!" सर ओरडले.

सगळ्यांच्या नजरा नॉबवर होत्या. बाईंचा हात तिकडे गेला नाही. चार इमानदार तिरांपुढे एका तिराच्या नावाने साइटला हात लावायचा? चूक कोपराची होती, कोपरालाच सांगायची. त्यांनी एक लांब श्वास घेतला, दोरी हनुवटीच्या कोपऱ्यापर्यंत आणली, खांदा खाली सोडला, ठिपका स्थिर होईपर्यंत थांबल्या आणि घोडा दाबला.

सहावा तीर पिवळ्याच्या पार मधोमध.

अकराला पाच मिनिटं होती. सरांनी यादीत आधी सुनेचं नाव लिहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे बघत थांबले. "बाई, तुमचं खरं नाव काय हो?"

"हिला विचारा. त्या नावाची सवयच मोडलीय मला," बाई म्हणाल्या आणि मनगटाचा रिलीज सोडवायला लागल्या.

सुनेने नाव सांगितलं, सही केली, आणि लेन क्रमांक चारची किल्ली मुठीत घट्ट धरून सासूच्या गळ्यात पडली. "आई, सोळा फेरे होईपर्यंत माझा जीव कुठे होता सांगू?"

"मला विचारलंस तेव्हाच सांगून टाकायचंस की मग, दामटून!"

"तुम्हाला? दामटून?" सून हसायला लागली.

"बरं, तेही खरं," काटेबाई म्हणाल्या. त्यांनी नॉब घट्ट आहे ना ते एकदा तपासलं, धनुष्य पेटीत ठेवलं आणि नातीला बजावलं, "याला बोट लावायचं नाही."